विंडसरचा विवाह आणि झाकोळलेला गुरुवार

पानगळ (२० मे २०१८, रात्री ९.४०)

काल दुपारी बारा वाजता विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपलमध्ये राजपुत्र हॅरी आणि मेगन मार्कल यांचा विवाह झाला. वधूवरांविषयी माझी काहीही तक्रार नाही. समारंभाचा तासभर मी स्वतः पाहिला, बिशप मायकेल करी यांचे प्रवचन मनापासून ऐकले, आणि तरुण चेलोवादकाचे वादन संपल्यावर दूरदर्शन संच बंद करायचेही भान राहिले नाही. राजघराणे असावे की नसावे हा या धाग्याचा विषय नाही. त्यावर कोणाला बोलायचे असेल तर कृपया वेगळा धागा काढावा. मला लिहायचे आहे ते त्या विवाहाच्या वार्तांकनाविषयी, आणि तेही शनिवारच्या नव्हे, तर त्याआधीच्या गुरुवारच्या.

गुरुवारी, १७ मे रोजी, दोन गोष्टी जाहीर झाल्या. वधूचे वडील विवाहाला येऊ शकणार नाहीत, असे निवेदन मेगन मार्कल यांच्या नावाने केन्सिंग्टन राजवाड्यातून प्रसिद्ध झाले. त्याच दिवशी डेम ज्युडिथ हॅकिट यांचा इमारतींचे नियमन आणि अग्निसुरक्षा यांविषयीचा अंतिम अहवालही बाहेर आला. १४ जून २०१७ च्या रात्री लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीला आग लागून ७२ माणसे गेली, त्यानंतर सरकारने हे काम हॅकिट यांच्याकडे सोपवले होते. ज्वलनशील क्लॅडिंगवर, म्हणजे इमारतीच्या बाहेरच्या भिंतींवरील आवरणावर, सरसकट बंदी घालावी अशी शिफारस अहवालात असेल, अशी आगीतून वाचलेल्या रहिवाशांची अपेक्षा होती. ती शिफारस अहवालात नव्हती. लोक संतापले, आणि अशा बंदीबाबत सरकार सल्लामसलत करील असे गृहनिर्माण मंत्री जेम्स ब्रोकनशायर यांना त्याच दिवशी सांगावे लागले. एका सरकारी अहवालाने एक गोष्ट सांगावी आणि काही तासांतच मंत्र्याने वेगळ्या दिशेला पाऊल टाकावे, हे रोज घडत नाही.

त्या संध्याकाळी मी एक वृत्तवाहिनी लावली. वडील का येणार नाहीत, मग वधूला वेदीपर्यंत कोण नेणार, पूर्वीच्या कोणत्या वधूला कोणी नेले होते, वडिलांनी छायाचित्रकाराशी संगनमत करून काढून घेतलेल्या त्या छायाचित्रांचा राजवाड्याला किती मनस्ताप झाला असेल, यावर चार जण गोल टेबलाभोवती बसून बोलत होते. या चौघांपैकी एकालाही निवेदनातल्या दोन ओळींपलीकडे काही ठाऊक नव्हते, आणि ते त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला येणाऱ्या ‘कदाचित’वरून कळत होते. हॅकिट अहवालाची बातमी आली, नाही असे नाही. पण ती आली आणि गेली. चूल पेटलेली असताना दारावर आलेल्या माणसाशी उंबऱ्यातूनच दोन शब्द बोलून त्याला वाटेला लावावे, तशी ती वाटेला लागली.

ज्या केन्सिंग्टन राजवाड्यातून ते निवेदन आले तो राजवाडा आणि ग्रेनफेल टॉवर हे लंडनच्या एकाच बरोमध्ये, म्हणजे प्रशासकीय विभागात, आहेत. त्या बरोच्या नावाची सुरुवातच ‘रॉयल’ या शब्दाने होते. बातमीदारांना दूर कुठे जायचे नव्हते.

उद्या, सोमवारी, ग्रेनफेल चौकशीची सुनावणी नव्याने सुरू होत आहे आणि सुरुवातीचे दिवस मृतांना वाहायच्या श्रद्धांजलीसाठी राखून ठेवले आहेत. तोपर्यंत वाहिन्यांचा मांडव उतरलेला असेल का, हा माझा प्रश्न आहे. विवाह दाखवू नये असे मी म्हणत नाही. विवाह झाला ही बातमी एका मिनिटाची आहे, समारंभ एका तासाचा आहे. उरलेला आठवडा कशाने भरला आणि त्या भरावाखाली काय गेले, एवढेच मला विचारायचे आहे.

जुना बातमीदार (२० मे २०१८, रात्री ११.०५)

पानगळ, तुमच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग, म्हणजे आठवडा कशाने भरला हा, मी सोडवून देऊ शकतो, कारण आयुष्यातली बरीच वर्षे मी अशाच भरावाची कामे केली आहेत.

वृत्तकक्षाला सर्वांत प्रिय असते ती तारीख आधी कळलेली घटना. भूकंप सांगून येत नाही, अहवाल कधी येईल ते खात्यालाच ठाऊक नसते, पण राजघराण्यातला विवाह महिनोन्‌महिने आधी जाहीर होतो. हा साखरपुडा २७ नोव्हेंबर २०१७ ला जाहीर झाला होता. तेव्हापासून समारंभाच्या जागेसमोर कॅमेऱ्यांचे मचाण कोठे बांधायचे, कोणत्या छतावरून किल्ला पाठीमागे दिसेल, कोणते ‘राजघराण्याचे अभ्यासक’ कोणत्या वाहिनीशी बांधून घ्यायचे, याची आखणी सुरू होते. एकदा मचाणाचे भाडे भरले, उपग्रहाचा वेळ घेतला आणि चाळीस माणसे तिथे नेऊन ठेवली, की ती नुसती उभी ठेवता येत नाहीत. त्यांच्याकडून दिवसभर काहीतरी बोलवून घ्यावे लागते. म्हणजे खर्च आधी ठरतो आणि बातमीचे महत्त्व त्या खर्चाला शोभेल असे मागाहून ठरते. बाहेरून हे उलटे वाटेल. आतून ते अगदी सरळ दिसते.

दुसरी गोष्ट त्या चित्रांची. चॅपलच्या आत प्रत्येक वाहिनीचा कॅमेरा नसतो. एकत्रित व्यवस्थेतून आलेली तीच चित्रे सगळ्यांना मिळतात. चित्र सारखेच असल्यामुळे वेगळेपण दाखवायला उरतात फक्त शब्द, आणि म्हणून टोप्या, शिवणकाम, ओठांच्या हालचालींवरून संवाद ओळखणारे तज्ज्ञ, यांना सुगीचे दिवस येतात. क्लेअर वेट केलर यांनी जिव्हांशी या फॅशनगृहासाठी केलेल्या पोशाखाच्या पाच मीटर लांब ओढणीवर राष्ट्रकुलातल्या ५३ देशांची फुले भरली होती, ही माहिती काल मी किती वेळा ऐकली त्याची मोजदाद केली नाही, पण त्या फुलांच्या संख्येच्या फार मागे ती नसावी.

या चित्रांना अटीही असतात, हे प्रेक्षकांना सहसा माहीत नसते. २०११ मध्ये विल्यम आणि कॅथरिन यांच्या विवाहाच्या वेळी ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक वाहिनीवर ‘चेसर’ हा विनोदी गट थेट समालोचन करणार होता. ही चित्रे विनोदी किंवा उपरोधिक कार्यक्रमात वापरता येणार नाहीत अशी अट आली, आणि विवाहाला जेमतेम दोन दिवस उरले असताना तो कार्यक्रम रद्द करावा लागला. तेव्हा समालोचन कितीही तास चालो, त्याचा सूर कोणता असायचा हे चित्रांबरोबरच ठरून येते. ज्या वार्तांकनात हसायला मनाई आहे त्याला वार्तांकन म्हणावे की पौरोहित्य, ते ज्याचे त्याने ठरवावे.

सरळरेषा (२१ मे २०१८, सकाळी ७.३०)

मी अगदी उलट मताची आहे, आणि ते सौम्यपणे मांडण्याचा प्रयत्न करते.

शनिवारी विंडसरमध्ये मी स्वतः होते. पहाटे पाचला गाडी पकडून गेले आणि रस्त्याकडेच्या कठड्याला टेकून सहा तास उभी राहिले. माझ्या शेजारी एक कृष्णवर्णीय आजी होत्या. करी यांच्या आवाजाने ध्वनिक्षेपक भरून गेला तेव्हा त्या रडल्या. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चचे नेतृत्व करणारे ते पहिले आफ्रिकी अमेरिकी बिशप आहेत. राणीसमोर उभे राहून त्यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांचे शब्द उद्धृत केले आणि गुलामगिरीत पिचलेल्या माणसांना प्रेमाने कसे तारले, ते सांगितले. हे दृश्य ‘भराव’ असेल, तर मग बातमी कशाला म्हणायचे?

याच वधूविषयी इथल्या वर्तमानपत्रांनी काय काय लिहिले ते आठवावे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी केन्सिंग्टन राजवाड्याला निवेदन काढून काही लेखांमधल्या वर्णद्वेषी सुराचा जाहीर निषेध करावा लागला होता. दीड वर्षाने त्याच वृत्तपत्रसृष्टीने तिच्या स्वागताच्या पुरवण्या काढल्या. हा दुटप्पीपणा आहे हे मला मान्य आहे, पण ज्या मुलींनी त्या पुरवण्या पाहिल्या त्यांच्या दृष्टीने त्यातही काहीतरी बदलले आहे. अति वार्तांकनाबद्दल नाक मुरडताना, कोणाच्या वाट्याला आजवर वार्तांकनच आले नव्हते, याचाही विचार व्हावा.

आणि गंभीर बातम्या लोकांना नकोच असतात असे नाही, पण त्या रोज असतात. एक शनिवार माणसांना आनंदाने एकत्र येता आले, तर तो हिशेबाच्या वहीत खर्चाच्या बाजूला का लिहायचा?

पानगळ (२१ मे २०१८, सकाळी ८.१५)

सरळरेषा, करी यांच्या प्रवचनाविषयी आपले मत एकच आहे, आणि त्या आजींचे डोळे भरून आले त्याला मी भराव म्हणणार नाही. प्रवचन चौदा मिनिटांच्या आसपास चालले. ती मिनिटे ही बातमीच होती. पण त्यानंतर वाहिन्यांनी काय दाखवले ते पाहावे: राजघराण्यातल्या कोणाच्या भुवया वर गेल्या, कोणी कोणाकडे पाहिले, कोण हसू दाबत होते. गुलामगिरीविषयी कोणी बोलले आणि त्यावरची चर्चा भुवयांची झाली. माझी तक्रार वार्तांकनाच्या लांबीबद्दल आहे असे तुम्हाला वाटते. खरे तर इतक्या लांबीत एवढे कमी का सांगितले गेले, ही ती तक्रार आहे.

शनिवार मी तुम्हाला आनंदाने दिला. गुरुवारचे बोला.

वाळूचे घड्याळ (२१ मे २०१८, दुपारी १.२०)

इतिहासाचा विद्यार्थी असल्याने थोडे मागे जातो, कारण हा सोहळा आणि प्रसारमाध्यमे यांचे नाते नेहमी असे नव्हते.

२६ एप्रिल १९२३ रोजी ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे पुढचे सहावे जॉर्ज, आणि एलिझाबेथ बोझ-लायन यांचा विवाह वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये झाला. नव्यानेच जन्मलेल्या बीबीसीला तो रेडिओवरून ऐकवायचा होता. ॲबीच्या धर्ममंडळाने नकार दिला. लोक दारूच्या गुत्त्यात, डोक्यावर टोपी तशीच ठेवून हा पवित्र विधी ऐकतील, अशी भीती त्यामागे होती असे सांगतात. पंचाण्णव वर्षांनंतर गुत्त्यांनीच मोठे पडदे लावून लोकांना बोलावले, हे त्या धर्ममंडळाने पाहिले असते तर काय झाले असते, याची कल्पना मी अधूनमधून करत असतो.

२० नोव्हेंबर १९४७ रोजी पुढे राणी झालेल्या दुसऱ्या एलिझाबेथ यांचा विवाह झाला तेव्हा रेडिओ ॲबीत पोहोचला होता. युद्धानंतरची टंचाई इतकी होती की वधूच्या पोशाखाच्या कापडासाठी रेशनची कुपने लागली, आणि ती गोष्ट त्या काळच्या वार्तांकनाचा भाग होती. सोहळा आणि देशाची अवस्था एकाच बातमीत मावत होती. ६ मे १९६० रोजी राजकन्या मार्गारेट यांचा विवाह दूरदर्शनवर दाखवला गेला, आणि राजघराण्यातला दूरदर्शनवरचा तो पहिला विवाह. पण जे आपण आज पाहतो त्याचा साचा पडला तो २९ जुलै १९८१ रोजी, सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये चार्ल्स आणि डायना यांच्या विवाहाच्या दिवशी. जगभरात ७५ कोटी लोकांनी तो पाहिला असा अंदाज तेव्हा दिला गेला आणि आजवर तोच फिरतो आहे. त्याच जुलै महिन्याच्या सुरुवातीला लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथ भागात दंगली पेटल्या होत्या, आणि त्याआधी एप्रिलमध्ये लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये. आज त्या उन्हाळ्याची आठवण काढली की पंचवीस फूट लांबीचा पदर डोळ्यांसमोर येतो. कोणत्या गोष्टीचे चित्र जास्त वेळा दाखवले गेले, यावर स्मृती ठरते.

त्या विवाहाचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ३१ ऑगस्ट १९९७ च्या पहाटे पॅरिसमध्ये डायना गेल्या, आणि त्यांच्या गाडीमागे छायाचित्रकार लागलेले होते. पंधरा वर्षांहून अधिक काळ ज्या चेहऱ्यावर अंक खपले, त्या चेहऱ्याच्या अंत्ययात्रेचेही अंक खपले. शनिवारचा वर हा त्या अंत्ययात्रेत शवपेटीमागे चालणारा बारा वर्षांचा मुलगा होता. अतिरेकी वार्तांकनाचा हिशेब मांडताना प्रेक्षकांचा वेळ आपण मोजतो, पण ज्यांच्यावर कॅमेरा रोखलेला असतो त्यांचे काय जाते, तेही मोजायला हवे.

जाता जाता एक: ९ एप्रिल २००५ रोजी झालेला चार्ल्स आणि कॅमिला यांचा विवाह मुळात ८ तारखेला होता. पोप दुसरे जॉन पॉल यांचे अंत्यसंस्कार त्याच दिवशी आल्याने तो एक दिवस पुढे ढकलला. म्हणजे शाही विवाहालाही बाजूला सरता येते, फक्त समोर तेवढे मोठे काही यावे लागते.

गणिती (२१ मे २०१८, दुपारी ३.५०)

वाळूचे घड्याळ यांनी ७५ कोटींचा उल्लेख ‘अंदाज’ म्हणून केला, ते बरे केले. या आकड्यांविषयी थोडे लिहितो.

२०११ च्या विवाहाआधी, २०० कोटी लोक तो पाहतील असे तेव्हाचे संस्कृतिमंत्री जेरेमी हंट यांनी सांगितले होते. जगाची लोकसंख्या तेव्हा जवळजवळ ७०० कोटी होती, म्हणजे दर सातांपैकी दोन माणसे. आता प्रत्यक्ष मोजलेले आकडे पाहू. खुद्द ब्रिटनमध्ये, जिथे सार्वजनिक सुट्टी होती आणि गल्लोगल्ली मेजवान्या होत्या, तिथे सरासरी प्रेक्षक होते २.४ कोटींच्या आसपास. लोकसंख्या सुमारे ६.३ कोटी धरली तर हे पाचांपैकी दोन झाले. अमेरिकेत नील्सन या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेच्या मोजणीनुसार २.२८ कोटी, म्हणजे शंभरात सात ते आठ. ज्या देशात हा विवाह झाला तिथे पाचांत दोन आणि अमेरिकेत शंभरात सात-आठ, तर उरलेल्या जगाची सरासरी सातांत दोन कशी होणार? भाकीत आधीच छापून झाले होते. विवाहानंतर ते तपासण्याची गरज कोणाला वाटली नाही.

शनिवारचे आकडे येऊ लागले आहेत. ब्रिटनमध्ये सर्वाधिक गर्दीच्या क्षणी सुमारे १.८ कोटी आणि अमेरिकेत सुमारे २.९ कोटी प्रेक्षक होते. इथली लोकसंख्या ६.६ कोटी धरा: चारांपैकी जवळपास तीन जण ऐन समारंभाच्या वेळी तो घरच्या पडद्यावर पाहत नव्हते. ‘संपूर्ण देश श्वास रोखून बसला आहे’ हे वाक्य मी शनिवारी ऐकले. एक चतुर्थांश देशाने श्वास रोखला असे फार तर म्हणता येईल. गुत्त्यांतली आणि मैदानांतली गर्दी या मोजणीत नीट येत नाही हे मला ठाऊक आहे, तरीही.

खिडकीकाठ (२१ मे २०१८, सायंकाळी ५.३०)

ज्यांना नको त्यांनी पाहू नये. दूरनियंत्रक आपल्या हातात असतो. २०११ मध्ये ‘गार्डियन’च्या संकेतस्थळावर एक बटण होते: तुम्ही प्रजासत्ताकवादी असाल तर इथे दाबा. ते दाबले की विवाहाच्या सगळ्या बातम्या मुखपृष्ठावरून नाहीशा होत. एवढी सोय असल्यावर चर्चा कशासाठी?

जुना बातमीदार (२१ मे २०१८, सायंकाळी ६.१०)

खिडकीकाठ, ते बटण गमतीदार होते, पण त्याने विवाह नाहीसा होत असे. त्या जागी काढून ठेवलेल्या बातम्या लिहायला मोकळे हात निर्माण होत नसत. बातमीदार मचाणावरच उभे असत. दूरनियंत्रकाने वाहिनी बदलता येते, वृत्तकक्षातल्या माणसांची वाटणी बदलता येत नाही. शिवाय बीबीसीसाठी दूरदर्शन पाहणारे प्रत्येक घर या वर्षी (२०१८) १५० पौंड ५० पेन्स परवाना शुल्क भरते. त्यामुळे तिच्या बाबतीत ‘नको असेल तर पाहू नका’ हे उत्तर जरा तोकडे पडते. जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीला मी ते एक वेळ लावू देईन.

पदपथ (२१ मे २०१८, रात्री ८.४५)

चर्चेची दुसरी बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. या विवाहाच्या प्रकाशझोतामुळेच काही गोष्टी दिसल्या.

जानेवारीत विंडसरच्या स्थानिक परिषदेच्या प्रमुखांनी पोलिसांना पत्र लिहून, विवाहापूर्वी रस्त्यावर राहणाऱ्या आणि भीक मागणाऱ्या लोकांवर कायद्याचे अधिकार वापरावेत अशी मागणी केली. एरवी अशा पत्राची दखल फार तर गावच्या साप्ताहिकाने घेतली असती. शाही विवाहाचे गाव असल्याने ती देशभर मोठी बातमी झाली, पंतप्रधान थेरेसा मे यांनी त्या भूमिकेशी असहमती दाखवली आणि बेघरांच्या संघटनांना आठवडाभर बोलायला मिळाले. मी स्वतः अशा कामात थोडाबहुत असतो. एरवी पत्रकारांना बोलावले तरी ते येत नाहीत. त्या आठवड्यात तेच येऊन विचारत होते, की अजून कोणाशी बोलता येईल.

अर्थात शनिवारी कॅमेरे वर होते, झेंड्यांकडे आणि गच्च्यांकडे. पण ‘विवाह गिळतो’ एवढेच म्हणणे पुरे नाही. तो कधीकधी काहीतरी बाहेरही फेकतो.

बुधवार (२१ मे २०१८, रात्री १०.२०)

पानगळ यांच्या गुरुवारला जोडून मी शुक्रवार देतो. १८ मे रोजी, म्हणजे विवाहाच्या पूर्वसंध्येला, पंतप्रधानांनी हाउस ऑफ लॉर्ड्ससाठी नऊ नव्या हुजूरपक्षीय सदस्यांची नावे जाहीर केली. जे सभागृह आधीच फुगले आहे म्हणून टीका होते, आणि जिथे ब्रेक्झिटच्या विधेयकावर सरकारचा लागोपाठ पराभव होत होता, तिथे आपली माणसे वाढवण्याची ही बातमी विवाहाच्या आदल्या संध्याकाळीच का यावी?

मागचे उदाहरणही आहे. विल्यम आणि कॅथरिन यांचा साखरपुडा १६ नोव्हेंबर २०१० रोजी जाहीर झाला. त्याच दिवशी कायदामंत्री केनेथ क्लार्क यांनी संसदेत सांगितले, की ग्वांटानामो या अमेरिकी लष्करी तुरुंगात डांबल्या गेलेल्यांनी ब्रिटनवर लावलेले दावे सरकारने पैसे देऊन मिटवले आहेत. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर निळ्या खड्याची अंगठी किती मोठी होती, ते जुने अंक चाळून पाहावे. ११ सप्टेंबर २००१ रोजी एका मंत्र्याच्या सल्लागार बाईंनी, ज्या बातम्या पुरायच्या असतील त्या बाहेर काढायला आजचा दिवस फार चांगला आहे, अशा अर्थाचा ईमेल खात्यात पाठवला होता. तो उघडकीला आला आणि गाजला. प्रत्येक वेळी ईमेल सापडत नाही.

२०११ चा विवाह २९ एप्रिलला झाला आणि ५ मे रोजी, अवघ्या सहा दिवसांनी, खासदार निवडायची पद्धत बदलावी का यावर सार्वमत झाले. देशव्यापी असे सार्वमत १९७५ नंतर प्रथमच होत होते. मतदान झाले सुमारे ४२ टक्के. ईस्टर आणि विवाह यांच्या सुट्ट्या जोडून अर्धा देश सहलीला गेलेला, वाहिन्या ॲबीसमोर. प्रचार कोणी ऐकायचा?

गणिती (२१ मे २०१८, रात्री ११.००)

बुधवार, १६ नोव्हेंबरचा योगायोग आणि १८ मेची वेळ या दोन्हींची मांडणी मला पटते, तरी हेतू सिद्ध करायला तुमच्याकडे काही नाही, हेही नोंदवतो. सार्वमताचे मात्र पटत नाही. ४२ टक्के मतदानाला विवाह जबाबदार धरायचा, तर विवाह नसता तेव्हा किती झाले असते हे ठाऊक हवे. प्रस्तावाविरुद्ध जवळपास ६८ टक्के मते पडली. एवढी दरी वाहिन्यांनी ॲबीसमोरून आणखी दोन तास काढल्याने भरून निघाली नसती. विषयच लोकांना रुक्ष वाटला, असे साधे उत्तर पुरेसे आहे.

सरळरेषा (२२ मे २०१८, सकाळी ७.५०)

रात्री पुन्हा सगळे वाचले. शनिवारचा माझा आनंद मी परत देणार नाही, पण गुरुवारविषयी पानगळ यांनी विचारले होते आणि मी उत्तर टाळले होते. हॅकिट अहवाल आला हे मला या धाग्यावरून कळले. मेगन यांचे वडील येणार नाहीत हे मला गुरुवारी दुपारीच ठाऊक होते, आणि कोणी सांगितले म्हणून नव्हे. कार्यालयातल्या पडद्यावर ती पट्टी अखंड फिरत होती. मी काही बातम्या टाळणाऱ्यांतली नाही. म्हणजे तुमचा मुद्दा माझ्या रूपाने सिद्ध झाला म्हणायचा. हे लिहिताना मला बरे वाटत नाही.

पानगळ (२२ मे २०१८, रात्री ९.३०)

सरळरेषा, तुम्ही हे लिहिलेत त्याबद्दल आभार. पदपथ यांचा मुद्दाही मी मान्य करते; बेघरांची बातमी विवाहामुळेच मोठी झाली, आणि माझ्या पहिल्या लेखनात त्याला जागा नव्हती.

काल सुनावणी सुरू झाली. साउथ केन्सिंग्टनमधल्या एका हॉटेलच्या सभागृहात ती चालू आहे आणि महाजालावर थेट पाहता येते. पहिली श्रद्धांजली एका वडिलांनी वाहिली. त्यांचा मुलगा आगीनंतर मृतावस्थेत जन्मला होता. त्यांनी त्याच्याविषयी जेवढे बोलायचे तेवढे बोलले. चौकशीने कुटुंबांना घड्याळ लावलेले नाही. ज्यांना जितका वेळ हवा तितका मिळतो. कोणी छायाचित्रे दाखवतात, कोणी ध्वनिमुद्रण ऐकवतात, एखाद्याला मध्येच थांबावे लागते तेव्हा सगळे थांबतात. इथेही कॅमेरा एका जागी स्थिर असतो आणि वर कोणाचेही समालोचन नसते.

वाहिन्यांवर काल ही बातमी होती, आणि ठीक प्रकारे होती. ते लिहिले नाही तर माझ्याकडून अन्याय होईल. रात्रीच्या बातमीपत्रात तिच्यानंतर लगेच विवाहाची अधिकृत छायाचित्रे आली आणि कोणाच्या शेजारी कोण बसले आहे यावर बराच वेळ बोलणे झाले.

उद्या सकाळी पुढच्या कुटुंबांच्या श्रद्धांजली आहेत. मी सुट्टी घेतली आहे आणि त्या पाहणार आहे, त्यामुळे दिवसभर इथे उत्तर देता येणार नाही. कोणाला सोबत पाहायचे असेल तर चौकशीच्या संकेतस्थळावर थेट प्रक्षेपणाचा दुवा पहिल्याच पानावर दिला आहे.